थंडीचा पाहुणा : रॅननक्युलस

दिवाळीची झाडलोट झाली, फराळाचे डबे तळाला लागले, माहेरवाशिणी आपापल्या घरी गेल्या, की गच्चीतल्या कुंड्यांकडे बघायला आपल्याला जरा सवड मिळते. पावसाळी झाडं तोवर ओसरलेली असतात. झेंडू तोरणात गेलेला असतो. तीनचार कुंड्या रिकाम्या दिसतात आणि मन म्हणतं, यंदा काहीतरी नवं लावू या. नेमक्या याच दिवसांत रोपवाटिकांत आणि फोनवरच्या दुकानांत एका फुलाची रंगीत चित्रं दिसू लागतात. चिरोट्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे, रेशमासारखी तकाकी, पिवळा, केशरी, गुलाबी, लाल, पांढरा असे रंग. नाव जरा जिभेला जड आहे : रॅननक्युलस.

गेली दोनतीन वर्षं या फुलाविषयी वारंवार विचारणा होते आहे, आणि बहुतेकींची तक्रार एकच असते. ‘‘हौसेनं कंद आणले, रात्रभर भिजवले, रोज पाणी घातलं, पण एकही उगवला नाही. उकरून पाहिलं तर आत नुसता चिखल!’’ घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे असे अक्षरशः पाण्यात गेले, की वाईट वाटतंच. वर घरातलं कुणीतरी ‘‘तरी मी सांगत होतो’’ म्हणायला मोकळं असतं! म्हणून आज या फुलाची सगळी हकीगत नीट सांगते. कुणी लावावं, कुणी लावू नये, आणि लावायचंच तर कसं.

सार आधीच सांगून ठेवते. हा कंद आपल्याकडे उपेक्षेनं मरत नाही. मरतो तो घाईनं आणि लाडानं. थंडी पडण्याआधी लावला तर कुजतो, आणि पाणी जास्त झालं तरी कुजतो. या दोन गोष्टी सांभाळल्यात, तर बाकी काही फार अवघड नाही.

हा पाहुणा कुठला?

रॅननक्युलसचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं. क्रीट बेट, तुर्कस्तान, सायप्रस, सिरिया, लेबनॉन या भागांत तो रानात आपोआप उगवतो. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा असतो कडक कोरडा. म्हणून हे झाड थंडीत वाढतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा आला की पानं टाकून जमिनीखाली झोपी जातं. आपलं ऋतुचक्र याच्या उलटं. आपल्याकडे पाऊस येतो तो नेमका याच्या झोपेच्या वेळी, तोही उकाड्यासकट. पुढच्या साऱ्या अडचणींचं मूळ इथंच आहे.

ऑटोमन सुलतानांच्या काळी इस्तंबूलच्या बागांत या फुलाला मोठा मान होता. तिथून ते युरोपात गेलं आणि अठराव्या शतकात तिथल्या हौशी बागवानांनी त्याच्या शेकडो जाती तयार केल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाद या गावी १९२० च्या दशकापासून त्याची लागवड होते. आज तिथे सुमारे ५० एकर उतारावर रंगांचे पट्टेच्या पट्टे फुलतात आणि मार्च ते मे या महिन्यांत लोक ते बघायला लांबून येतात. आपल्याकडे दिल्लीला राष्ट्रपती भवनाच्या बागेत (२०२३ पासून तिचं नाव अमृत उद्यान) हिवाळा सरताना ट्यूलिपच्या जोडीनं हे फूलही पाहायला मिळतं.

रॅननक्युलस या लॅटिन शब्दाचा अर्थ माहीत आहे? ‘छोटा बेडूक’! याचे बरेचसे भाऊबंद ओलसर जागी, पाण्याच्या काठी उगवतात, म्हणून हे नाव पडलं. पण नावावर जाऊ नका. आपण कुंडीत लावतो त्या जातीला पाय पाण्यात ठेवलेले मुळीच खपत नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली कलौंजी आणि आपल्या डोंगरातली मोरवेल ही दोन्ही याच्याच कुळातली. तेव्हा पाहुणा अगदीच परका नाही.

कुणी लावावा, कुणी लावू नये

आधी हे ठरवा, मग पिशवी घेऊन बाहेर पडा.

रॅननक्युलसला रात्री पाच ते दहा अंश आणि दिवसा पंधरा ते वीस अंशांची हवा सर्वांत मानवते. इतकं लाडकं हवामान महाराष्ट्रात फारसं कुठं नाही. पण नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, महाबळेश्वर-पाचगणी या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात. तिथं हे फूल होतं. कार्ल्सबादच्या चित्रातल्यासारखं धो धो नाही, पण होतं. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडे असलेल्या आपल्या मैत्रिणींना तर थंडी भरपूर मिळते. त्यांनी खुशाल वाफाभर लावावा.

मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोव्यातल्या मैत्रिणींना मात्र मी स्पष्ट सांगते : या कंदावर पैसे घालू नका. तुमच्याकडे रात्रसुद्धा त्याला उबदार वाटते आणि हवेतला दमटपणा वेगळाच. त्याऐवजी थंडीत शेवंती, पेटुनिया, डायांथस लावा. कंदांचीच हौस असेल तर निशिगंध, सोनटक्का आणि पावसात उमलणाऱ्या छोट्या लिली आहेतच. ही मंडळी तुमच्याच हवेत वाढलेली आहेत, आणि निशिगंधाच्या वासाची सर रॅननक्युलसला यायची नाही. त्याला वास जवळजवळ नसतोच.

कंद घेताना

सुकलेला कंद हातात घेतलात तर पहिल्यांदा निराशाच होईल. डेलियाचा गड्डा अगदी बोटाच्या पेरापुरता लहान केला तर जसा दिसेल, तसा तो दिसतो. वर थोडी लव, खाली पाचसहा बारीक बोटं. कुणाला कोळ्यासारखाही वाटतो. घेताना एवढं पाहा :

कंद टणक हवा. दाबल्यावर भुसभुशीत लागला किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर परत ठेवा. बोटं शक्यतो मोडलेली नसावीत. एखाददुसरं मोडलं तर बिघडत नाही, पण वरचा लव असलेला भाग शाबूत हवा. कोंब तिथूनच येतो. कंद जितका मोठा तितकी फुलं जास्त, हेही ध्यानात असू द्या. दुकानदाराला ‘‘यंदाचा माल आहे ना?’’ म्हणून विचारायला लाजू नका.

फोनवरून मागवणार असाल तर दोन गोष्टींपासून सावध राहा. निळ्याशार किंवा सप्तरंगी रॅननक्युलसचं चित्र दिसलं तर ती शुद्ध फसवणूक समजा. या फुलात खरा निळा रंग नाहीच. दुसरं म्हणजे, कंदांऐवजी स्वस्तात बियांची पाकिटं विकली जातात. बियांपासून हे झाड आणणं आपल्या हवेत फार किचकट काम आहे. उगवायलाच तीनचार आठवडे लागतात आणि तेही हवा गार असेल तर.

पहिल्या वर्षी दहा कंद पुरे. पन्नासाच्या थैलीवर सूट मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. दहांचा अनुभव घ्या, मग पुढच्या वर्षी हात मोकळा सोडा.

लावायचा मुहूर्त

सारं यश या एका गोष्टीवर आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कंद लावल्यापासून फूल यायला साधारण तीन महिने लागतात. आपल्याकडे मार्चमध्ये ऊन चटके देऊ लागलं की हे झाड आवरतं घेतं. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कळी दिसायलाच हवी. मागे मोजत गेलात तर लावणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला पाहिजे. पण ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात घाई करून लावलात तर माती गरम असते आणि तापलेल्या ओल्या मातीत कंद उगवण्याऐवजी सडतो. डिसेंबरचा मध्य उलटून गेल्यावर लावलात तर फुलायला दिवसच उरत नाहीत. अशी दोन्हीकडून कात्री आहे.

मग नेमकं ओळखायचं कसं? तापमापक नसला तरी चालेल. तुमच्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे लक्ष ठेवा. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजू लागतं. नुसतं सकाळी थिजून दहा वाजता पातळ होत असेल, तर आणखी थोडं थांबा. दुपारपर्यंत घट्टच राहू लागलं आणि पहाटे अंगावर चादरीवर चादर ओढावीशी वाटू लागली, की समजा मुहूर्त आला. पुण्या-नाशकाकडे ही वेळ बहुधा नोव्हेंबरच्या दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात येते.

दिवाळी ऑक्टोबरात आली म्हणून कंद ऑक्टोबरात लावायचे, असा हिशेब मात्र करू नका. कंदाला पंचांग कळत नाही, हवा कळते!

भिजवणं आणि कोंब आणणं

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती पायरी. कडधान्यांसारखे कंद रात्रभर भिजत घालू नका. साध्या गार पाण्यात तीन ते चार तास पुरेत. गरम किंवा कोमट पाणी नको. मध्ये एकदोनदा पाणी बदला. एवढ्या वेळात सुरकुतलेली बोटं फुगून कंद जवळजवळ दुप्पट होतो. फुगला की लगेच बाहेर काढा. जास्त वेळ पाण्यात राहिला तर त्याचा श्वास कोंडतो आणि सडायला सुरुवात होते.

काढल्यावर थेट कुंडीत न लावता आधी कोंब आणून घेतले तर खात्री वाढते. एका पसरट डब्यात दोन बोटं वाळू किंवा कोकोपीट घ्या. हाताच्या मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाण्याचा थेंब गळू नये, एवढंच ओलं. त्यावर बोटं खाली करून कंद ठेवा, वर पुन्हा तीच ओलसर वाळू पातळ पसरा. झाकण लावलंत तर वारा जायला फट ठेवा. डबा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दहा ते पंधरा दिवसांत पांढरी मुळं आणि इवलेसे कोंब दिसतील.

घरात तेवढा गारवा नसेल तर फ्रिजमधला भाजीचा कप्पा चालतो. बर्फाचा नव्हे, भाजीचा. पण डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुलांचे कंद, खायचे नाहीत’ अशी चिठ्ठी चिकटवायला विसरू नका. का, ते पुढे सांगते.

मधे तीनचार दिवसांनी डबा उघडून पाहा. एखादा कंद मऊ पडला असेल किंवा बुरशी धरली असेल, तर तो लगेच काढून टाका, म्हणजे शेजारचे वाचतील. या पद्धतीचा फायदा असा की नोव्हेंबरच्या सुरुवातीला, बाहेर अजून थोडी ऊब असतानाही काम सुरू करता येतं आणि पंधरा दिवस पदरात पडतात. शिवाय जे कंद जिवंत आहेत तेच कुंडीत जातात. रिकाम्या कुंडीला महिनाभर पाणी घालण्याची पाळी येत नाही.

कुंडी आणि माती

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण ती पाणी शोषते. आठ इंची कुंडीत तीन कंद, दहा इंचीत चारपाच. प्लॅस्टिकची असेल तर तळाची भोकं मोकळी आहेत ना, हे आधी पाहा. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा.

दख्खनच्या मैत्रिणींनो, आपली काळी माती ज्वारी-कपाशीला सोन्यासारखी असली तरी या कंदाला ती नकोच. ती पाणी धरून ठेवते. घ्यायचं मिश्रण असं :

दोन घमेली पोयट्याची किंवा लाल माती, एक घमेलं जाड वाळू आणि एक घमेलं चाळलेलं, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. शेणखत ताजं नको, त्याची उष्णता कंदाला बाधते. जाड वाळू मिळत नसेल तर विटांचा चाळलेला चुरा घाला.

मिश्रण भरून झालं की तांब्याभर पाणी ओतून पाहा. मिनिटाभरात खालून पाणी निथळू लागलं तर माती जमली. पाणी वर तळं करून राहिलं तर आणखी वाळू मिसळा. ही परीक्षा लावण्याआधी करायची, नंतर नव्हे.

कंद दोन इंच खोल लावावा. बोटं खाली, कोंब वर. दोन कंदांत चारपाच इंच अंतर ठेवावं. कोंब नाजूक असतात, तेव्हा माती थापटू नका, हलकेच सरकवा. एकदा चांगलं पाणी द्या आणि मग हात आवरा.

पाणी, ऊन, खत

कोंब वर येईपर्यंत पाणी जपून. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. ओल लागली तर झारी उचलूच नका. कामवाल्या बाई किंवा सासूबाई सकाळी सगळ्या कुंड्यांना सरसकट पाणी घालत असतील, तर या कुंड्या वेगळ्या ओळीत ठेवून त्यांना सांगून ठेवा. बऱ्याच घरांत कंद सडतो तो असाच, चार मायेच्या हातांनी!

दोनतीन आठवड्यांत पानं दिसू लागतील. झाड वाढीला लागलं की पाण्याची गरज वाढते. तेव्हा माती ओलसर राहू द्या, पण चिखल नको. पाणी सकाळी आणि मातीवर घाला, पानांवर नको. संध्याकाळी पानं ओली राहिली की भुरी धरते.

ऊन निदान सहा तास हवं. पूर्वेची किंवा दक्षिणेची गच्ची उत्तम. फेब्रुवारी उजाडला की मात्र दुपारच्या उन्हापासून जुन्या ओढणीचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा करा. एवढ्यानं फुलं आठदहा दिवस जास्त टिकतात.

खताची फार हाव नको. चारपाच पानं झाल्यावर दर पंधरा दिवसांनी भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी दहापट पातळ करून घाला. किंवा विकतचं १९:१९:१९ हे विद्राव्य खत एका लिटर पाण्याला एक ग्रॅम या मापानं द्या. नत्र जास्त झालं तर झाड पानांनीच भरतं आणि फुलायचं विसरतं. कळ्यांना रंग चढला की खत बंद.

कोवळ्या कळ्यांवर मावा हमखास येतो. दिसला की पाण्याच्या झोतानं धुऊन काढा. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकून ऊन उतरल्यावर फवारा. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती पानं खुडून टाका आणि कुंड्यांत अंतर वाढवा. गोगलगाई रात्री बॅटरीच्या उजेडात वेचाव्यात. याला दुसरं चांगलं औषध नाही.

हे मात्र नीट वाचा

या झाडाची पानं दिसायला थेट कोथिंबिरीसारखी. कातरलेली, हिरवीगार. आणि झाड आहे विषारी. पानं, देठ, कंद चुरगाळला किंवा चावला की त्यातून एक दाहक रस सुटतो. त्यानं तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, नाजूक कातडीवर फोडही येतात.

म्हणून या कुंड्या कोथिंबीर, पुदिना, मेथी यांच्याजवळ ठेवू नका. घाईच्या वेळी ‘‘जा गं, गच्चीतून चार काड्या कोथिंबीर आण’’ असं आपण मुलांना सांगतो. मुलं काय आणतील ते सांगता येत नाही! रांगतं मूल, मांजर, कुत्रा, दारची शेळी-गाय यांचं तोंड पोचणार नाही अशी उंच जागा बघा. फुलं कापताना किंवा कंद हाताळताना जुने हातमोजे घाला, आणि नंतर साबणानं हात धुवा. चुकून कुणी चावलंच तर लगेच चुळा भरायला लावा आणि घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे न्या. जाताना झाडाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर घ्या.

घाबरून फूलच लावू नये असं मी म्हणत नाही. कण्हेर आणि धोत्रा आपण पिढ्यान् पिढ्या दारात लावत आलोच की. माहिती असली म्हणजे झालं.

फूल आल्यावर

एका चांगल्या कंदाला थंड मुलखात बरीच फुलं येतात. आपल्याकडे तीनचार आली तरी समाधान मानावं. देठ लांब असतात, त्यामुळे फुलदाणीत हे फूल फार खुलतं. वेणी-गजऱ्याला मात्र ते उपयोगाचं नाही. वास नाही, आणि देठाच्या रसानं मानेवर खाज सुटायची.

घरात ठेवायला कापणार असाल तर पूर्ण उमलण्याची वाट पाहू नका. कळीला पूर्ण रंग आला आहे आणि दोन बोटांत धरल्यावर ती कापसाच्या पेळूसारखी मऊ लागते, तीच वेळ. सकाळी, ऊन चढण्याआधी, देठाच्या बुडाशी कापावी. देठ पोकळ असल्यानं खोल पाण्यात कुजतो. फुलदाणीत दोनतीन इंचच पाणी ठेवून रोज बदला. आठवडाभर तरी फूल टिकतं. रोज नवा पापुद्रा उलगडत जातो, आणि शेवटी शेवटी फूल पहिल्यापेक्षा मोठं दिसतं.

नंतर काय?

होळीच्या सुमारास पानं पिवळी पडू लागतील. झाड मेलं असं समजून जास्त पाणी घालू नका, ते झोपायला निघालं आहे. पाणी हळूहळू तोडा. पानं पूर्ण वाळली की कंद उकरून माती झटका, सावलीत आठवडाभर सुकवा. मग कोरड्या वाळूत किंवा कागदी पिशवीत घालून, तारीख लिहून, घरातल्या कोरड्या, गार जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो, ती नको.

मात्र आपल्या उकाड्यातून आणि पावसाळ्यातल्या सादळलेल्या हवेतून सगळे कंद टिकत नाहीत. निम्मे टिकले तरी तुमचा हात चांगला. म्हणून खरेदी करतानाच ‘हा एका हंगामाचा खर्च’ असं धरून चाला. वर्षानुवर्षं टिकणारी फुलं हवीत तर निशिगंध आहे, गुलाब आहे, मोगरा आहे.

सणांबरोबर लक्षात ठेवायची कामे

दसऱ्याच्या आसपास : कंद खरेदी, कुंड्या आणि माती तयार करणे.
नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा : भिजवणे, ओल्या वाळूत कोंब आणणे.
तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, हवा गार झाल्यावर : कुंडीत लावणे.
संक्रांत : पानांचा झुबका तयार, पातळ खत, माव्यावर नजर.
महाशिवरात्र : कळ्या आणि पहिली फुलं, दुपारी आडोसा.
होळी-पाडवा : पाणी तोडणे, कंद काढून सुकवणे.

नेहमीच्या शंका

*आमच्या गॅलरीत सकाळचं तीनचार तासच ऊन येतं. चालेल का?*
झाड जगेल, पण देठ लांबट, लवलवीत होतील आणि फुलं कमी येतील. कुंड्या फिरत्या ठेवता आल्या तर पाहा. नाहीतर त्या गॅलरीत बेगोनिया लावा.

*माती गार राहावी म्हणून बर्फाचे खडे किंवा फ्रिजचं पाणी घातलं तर?*
नको. घटकाभर गार, पुन्हा गरम, आणि ओल मात्र दुप्पट, अशानं कंद लवकर सडतो. त्यापेक्षा कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा किंवा छोटी कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे वाळू भरा. माठ गार राहतो त्याच तत्त्वानं कुंडी गार राहते.

*कंद उलटा लावला गेला तर?*
बहुधा वळसा घेऊन उगवतो, पण दिवस वाया जातात. आपल्याकडे दिवसच मोजके, म्हणून बोटं खाली हे पाठ करून ठेवा.

*कोंब आले, चार पानं झाली आणि झाड एकाएकी लोळलं. काय झालं असेल?*
बोटानं माती पाहा. ओली चिंब असेल तर मूळ कुजलं आहे. त्या झाडाचा आता उपाय नाही. ते मातीसकट काढून टाका आणि तीच माती दुसऱ्या कंदाला वापरू नका. माती कोरडी असेल तर नुसती तहान आहे, पाणी मिळताच तासाभरात उठून बसेल.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या थंडीचा अंदाज घ्या आणि मगच कंद आणा. पहिली कळी मऊ लागली की शेजारच्या वहिनींना बोलावून दाखवा. आणि हो, त्यांच्याही कोथिंबिरीच्या कुंड्या कुठं आहेत, ते विचारून ठेवा!

पुढच्या आठवड्यात : शेवंतीचे शेंडे कधी खुडावेत, आणि फुलं गेल्यावर जुन्या गड्ड्यातले फुटवे कसे वेगळे करावेत.